पक्षाघातानंतरचा तोल : आजवरचा प्रवास आणि उरलेले प्रश्न

पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडते हे सर्वांना ठाऊक असते. त्याच झटक्यात शरीराचा तोलही जातो आणि रुग्ण पुढे किती स्वावलंबी होणार हे बऱ्याच अंशी त्या तोलावर ठरते, याची चर्चा मात्र कमी होते. घरचे विचारतात, "चालायला कधी लागतील?" प्रश्न स्वाभाविक आहे. पण चालण्याच्या कितीतरी आधीची एक पायरी आहे : पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, कशालाही न धरता बसता येणे. ती जमली नाही तर पायात ताकद परतूनही तिचा उपयोग करता येत नाही. ती लवकर जमली तर कमजोर पायाचा माणूसही काठी घेऊन घरात फिरू लागतो.

प्रश्नाचा आवाका समजण्यासाठी महाराष्ट्रातले दोन अभ्यास पुरेसे आहेत. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १४५ जणांना पक्षाघाताचा पहिला झटका आल्याचे आढळले, आणि त्यांतले जवळपास ३० टक्के पहिल्या २८ दिवसांत दगावले. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. दर सात मृत्यूंमागे एक. म्हणजे हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. मुंबईच्या आकड्यांतले जे सुमारे ७० टक्के पहिल्या महिन्यानंतर हयात होते, त्यांच्यासारख्यांच्या उठण्या-बसण्याविषयी हा लेख आहे.

गेलेला तोल परत कसा येतो, उपचारांनी त्यात किती फरक पडतो, आणि परत आलेला तोल पूर्वीचाच असतो की शरीराने नव्याने बसवलेली ती वेगळीच घडी असते, याचा शोध शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. काही गोष्टी आता बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत, तर काहींवर चांगले जाणकार आजही वेगवेगळ्या बाजूंना उभे आहेत.

नेमके काय बिघडते

उभा असलेला माणूस स्थिर दिसतो, पण प्रत्यक्षात तो सतत किंचित डोलत असतो आणि मेंदू ते डोलणे क्षणोक्षणी आवरत असतो. त्यासाठी लागणारी माहिती तीन ठिकाणांहून येते : डोळे, आतल्या कानातले तोलेंद्रिय, आणि तळवे, घोटे, सांधे यांतून येणारी जाणीव. या तिन्हींचा मेळ घालून मेंदू 'सरळ उभे म्हणजे कुठे' हे ठरवतो. मग येते कृती. फे होराक आणि लुइस नॅशनर यांनी १९८६ साली दाखवले की छोटा धक्का बसला की माणूस घोट्यातून तोल सावरतो, धक्का मोठा असेल किंवा उभे राहायला जागा अरुंद असेल तर कमरेतून सावरतो. तेवढ्यानेही भागले नाही तर पाऊल टाकतो. पक्षाघातात बाधित बाजूच्या घोट्याचा प्रतिसाद उशिरा आणि क्षीण येतो. मग रुग्ण कमरेवर विसंबतो, किंवा जे हाताला लागेल ते घट्ट धरतो.

याहून कमी लक्षात येणारा दोष वेगळाच आहे. १९६० च्या दशकात मॉस्कोतील संशोधकांनी दाखवून दिले की निरोगी माणूस हात पुढे उचलतो त्याच्या क्षणभर आधीच त्याच्या पायाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात. हात पुढे गेल्यावर शरीर झुकणार, हे मेंदूला आधीच माहीत असते आणि तो आगाऊ तजवीज करतो. पक्षाघातानंतर ही तजवीज उशिरा होते किंवा अपुरी पडते. स्वस्थ बसलेला रुग्ण ठीक असतो. शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला घ्यायला जातो आणि कलंडतो. घरच्यांना वाटते, "आत्ता तर चांगले बसले होते." पण बसणे आणि बसून काही करणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धडाबद्दल एक दिलासा देणारी बाब आहे. बोटांच्या बारीक हालचाली मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येतात. धडाच्या स्नायूंना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आणि मेंदूच्या बुंध्यातल्या जुन्या मार्गांवरूनही संदेश मिळतात. त्यामुळे धड क्वचितच पूर्ण लुळे पडते आणि हाताच्या बोटांपेक्षा लवकर सावरते.

शिवाय पक्षाघात हे नाव एक असले तरी त्यातून होणारे तोलाचे बिघाड अनेक आहेत. लहान मेंदूतल्या झटक्यात ताकद शाबूत राहूनही माणूस झोकांड्या खातो. मेंदूच्या बुंध्याच्या कडेला झटका आला तर अंग एका बाजूला ओढले जाते, जग तिरपे दिसते. यातले बरेच रुग्ण पुढे चांगले सुधारतात. उजव्या मेंदूच्या मोठ्या झटक्यात डाव्या बाजूचे जगच लक्षातून निसटते, आणि अशा रुग्णाचा तोल परतायला वेळ लागतो. उपचारांच्या बहुतेक चाचण्यांत ही सगळी माणसे एकाच गटात मोजली जातात. पुढचे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

विचारांची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून प्रतिक्षिप्त क्रियांचा पाया घातला. रुडॉल्फ माग्नुस यांनी १९२४ मध्ये शरीराच्या ठेवणीमागच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर मोठा ग्रंथ लिहिला. या परंपरेत मेंदूकडे उतरंडीसारखे पाहिले जाई : वरचे केंद्र निकामी झाले की खालच्या आदिम क्रिया मोकाट सुटतात. थॉमस ट्विचेल यांनी १९५१ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून सुधारणेचा क्रम मांडला. आधी अंग सैल, मग ताठरपणा, मग ठरावीक साच्यातल्या ढोबळ हालचाली, आणि शेवटी साचा मोडून सुट्या हालचाली. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी याच क्रमाच्या पायऱ्या आखल्या. त्या पायऱ्या आजही आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या केसपेपरवर लिहिलेल्या दिसतात.

याच काळात लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने आपली पद्धत घडवली. बर्टा यांचे म्हणणे असे, की ताठरलेल्या स्नायूंशी झगडू नका. शरीराची ठेवण बदला, योग्य जागी हात ठेवून रुग्णाला सहज हालचालीचा अनुभव द्या, चुकीच्या साच्यात हालचाल पक्की होऊ देऊ नका. त्याआधी पक्षाघाताच्या रुग्णाला धडधाकट बाजूवर जगायला शिकवण्याकडे कल होता. बाधित बाजूकडे पुन्हा लक्ष वेधणे हे बोबाथ यांचे मोठे योगदान आहे, आणि त्यांच्या टीकाकारांनीही ते मान्य केले आहे.

१९८२ मध्ये सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेपर्ड यांनी वेगळी भूमिका घेतली. रुग्णाची खरी अडचण ताठरपणा नसून अशक्तपणा आणि हरवलेले कौशल्य आहे, असे त्या म्हणाल्या. खुर्चीतून उठायला शिकायचे तर खुर्चीतून उठण्याचाच सराव हवा, पुष्कळ वेळा हवा आणि तो रुग्णाने स्वतः करायला हवा. थेरपिस्टने हालचाल घडवून आणण्यापेक्षा सरावाची परिस्थिती रचावी.

भारतात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोलिओच्या पार्श्वभूमीवर सुरू झाले. पोलिओत प्रश्न एकेका स्नायूच्या दुबळेपणाचा असतो. पक्षाघातात स्नायू जागेवर असतात, त्यांची मेंदूतली जुळणी मोडलेली असते. पुढे बोबाथ पद्धत इथे 'एनडीटी' या नावाने रुजली आणि कार-शेपर्ड यांचे विचारही आले. आज बहुतेक थेरपिस्ट दोन्हींतले घेतात.

या वादाचा निवाडा आकड्यांनी झाला का? कॉक्रन या संस्थेच्या २००७ मधील आढाव्याचा विषय नेमका तोल आणि पायांचे कार्य हाच होता. कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. २०१४ मध्ये हा आढावा विस्तारला : ९६ चाचण्या, १०,४०१ रुग्ण. निष्कर्ष दुहेरी होता. व्यायामोपचार न मिळण्यापेक्षा मिळणे निश्चित फायद्याचे. पण कोणत्या पंथाचे उपचार यावर फारसे काही अवलंबून नाही. पंथांची नावे बाजूला ठेवून उपचारात प्रत्यक्ष काय करतात याचे वर्णन करावे, अशी सूचना आढाव्याच्या लेखकांनी केली. ती मला फार महत्त्वाची वाटते. 'एनडीटी दिली' या दोन शब्दांवरून रुग्ण किती वेळा उठला-बसला ते कळत नाही.

उभी दिशाच हरवते तेव्हा

पक्षाघाताच्या काही रुग्णांत एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसते. बसवले की ते लुळ्या बाजूला कलतात, आणि तेही नुसते पडत नाहीत; चांगल्या हाताने आणि पायाने स्वतःला तिकडे ढकलतात. सरळ करायला गेले की जीव खाऊन विरोध करतात. पॅट्रिशिया डेव्हिस यांनी १९८५ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले आणि 'पुशर सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. घरात या रुग्णांवर हट्टीपणाचा शिक्का बसतो. हा मोठा अन्याय आहे, कारण सरळ केल्यावर आपण पडतोय अशीच त्यांची खरी जाणीव असते.

जर्मनीतील हान्स-ओटो कार्नाथ यांनी २००० साली अशा रुग्णांना कलणाऱ्या खुर्चीत बसवून विचारले, तुम्ही सरळ कधी आहात ते सांगा. डोळ्यांपुढची रेघ उभी आहे की तिरपी हे रुग्णांना बरोबर सांगता येत होते. स्वतःचे शरीर मात्र मेंदूच्या बाधित बाजूकडे, म्हणजे लुळ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला, सरासरी १८ अंश कललेले असताना त्यांना सरळ वाटत होते. शरीराची उभी दिशा जाणण्यासाठी मेंदूत डोळ्यांहून वेगळी यंत्रणा आहे आणि थॅलॅमसचा मागचा-बाहेरचा भाग तिच्यात गुंतलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. डोळे एक सांगतात, शरीर दुसरे. या विसंगतीला तोंड देताना रुग्ण ढकलतो, असे त्यांचे स्पष्टीकरण.

फ्रान्समधील ग्रनोबलच्या दोमिनिक पेरेनू यांच्या गटाने २००८ मध्ये अधिक रुग्णांवर, वेगळ्या यंत्राने मोजमाप केले. त्यांना दिशा नेमकी उलटी आढळली. या रुग्णांची शरीराची उभी दिशा लुळ्या बाजूकडेच कललेली असते, आणि ते ढकलतात ते आपल्या दृष्टीने सरळ होण्यासाठी, असे त्यांचे म्हणणे आहे. हे स्पष्टीकरण समजायला सोपे आहे, पण सोपेपणा हा काही पुरावा नव्हे. मोजणी बसून केली की उभ्याने, पाय टेकलेले होते की लोंबते, डोकं बांधलेले होते की मोकळे, झटक्याला किती दिवस झाले होते, यांमुळे उत्तरे बदलतात. दिशेचा वाद अजून मिटलेला नाही. अशा रुग्णांत उभ्या दिशेची जाणीव बिघडलेली असते, इतके मात्र दोन्ही गटांना मान्य आहे.

या वादाला व्यवहारात महत्त्व आहे. डोळ्यांची जाणीव शाबूत असेल तर तिचा आधार घ्यावा, असे कार्नाथ यांच्या मांडणीवरून निघते. रुग्णाला दाराची चौकट, भिंतीची कड दाखवायची, आपण तिच्याशी समांतर आहोत का ते पाहायला लावायचे. त्याला ओढून सरळ न करता चांगल्या बाजूला ठेवलेली वस्तू घ्यायला सांगायची. ओढल्याने ढकलणे वाढते, हा अनुभव थेरपिस्टना रोजचा आहे. पेरेनू यांच्या मांडणीनुसार मूळ जाणीवच पुन्हा जुळवून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी शरीराला प्रत्यक्ष सरळ स्थितीचा दीर्घ अनुभव मिळायला हवा. आधार देऊन उभे करणे, यंत्राच्या आधाराने चालवणे हे प्रयोग त्या दिशेचे आहेत. एका रुग्णावर दोन्ही करायला काहीच हरकत नाही, आणि चांगले थेरपिस्ट तसे करतातही.

असे रुग्ण किती असतात? कोपनहेगनच्या १९९६ च्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते, आणि त्यांना तितक्याच सुधारणेला सरासरी ३.६ आठवडे जास्त लागले. सौम्य कलणेही धरणाऱ्या मापनपट्ट्या वापरल्या तर प्रमाण कितीतरी वाढते. त्या पट्ट्यांत एकवाक्यता आणण्याचे प्रयत्न सध्या चालू आहेत. सहा महिन्यांपर्यंत बहुतेकांचे ढकलणे ओसरते, हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगितले गेले पाहिजे.

पूर्ववत झाले, की पर्याय सापडला

तोलाच्या अभ्यासातला सर्वांत खोल प्रश्न मला हा वाटतो. रुग्ण पूर्वी उभा राहू शकत नव्हता, आता राहतो. हे बाधित पाय सुधारल्यामुळे घडले, की चांगल्या पायाने सगळा भार पेलायला शिकल्यामुळे?

नेदरलँड्समध्ये या प्रश्नावर मोलाचे काम झाले आहे. २००४ मधील एका अभ्यासात पुनर्वसनाच्या काळात रुग्णांचे उभे असतानाचे डोलणे कमी झाल्याचे दिसले, पण दोन पायांवरच्या भारातला फरक बराचसा तसाच राहिला. २००६ मध्ये आणखी एका गटाने प्रत्येक पायाचा तोलातला वाटा वेगळा काढला. बाधित पाय जितका भार घेतो त्या मानाने तोल सांभाळण्यात त्याचा सहभाग खूपच कमी असतो, असे आढळले. म्हणजे वजनकाट्यावर दोन्ही पाय जवळपास सारखे दिसले तरी तोल एकटा चांगला पायच सांभाळत असू शकतो. २००८ मध्ये चालण्याबाबतही असेच दिसले. सहा महिन्यांत रुग्णांची चाल सुधारली, पण बाधित पायातल्या स्नायूंच्या कामाचा क्रम फारसा बदलला नाही.

यातून दोन भूमिका निघतात. पहिली म्हणते, शरीर ज्या मार्गाने स्थिर होते तो मार्ग स्वीकारा. चांगल्या पायावर भार देऊन माणूस सुरक्षित उभा राहत असेल तर दोन्ही पायांवर समान भाराचा आग्रह कशाला? अमेरिकेत १९८९ साली झालेल्या अभ्यासात समान भार देऊन उभे राहण्याचे प्रशिक्षण दिले गेले. रुग्ण समान भारावर उभे राहू लागले, पण त्यांच्या चालण्यातली असमानता काही गेली नाही. दुसरी भूमिका अशी की पहिले काही आठवडे मेंदूत दुरुस्तीची जी खास खिडकी उघडलेली असते, त्या काळात पर्यायी मार्ग पक्के केले तर बाधित बाजूची उरलेली क्षमता कधीच वापरात येणार नाही. शिवाय एकाच पायावर वर्षानुवर्षे भार टाकल्याने गुडघा आणि कंबर दुखू लागते, बाधित पायाचे हाड ठिसूळ होते.

दोन्ही बाजूंना वजन आहे. माझे मत काळानुसार विभागलेले आहे : सुरुवातीच्या तीन महिन्यांत बाधित बाजूला काम देण्याचा आग्रह धरावा आणि त्यानंतर सुरक्षितता व वेग यांना प्राधान्य द्यावे. हे मत मात्र मेंदूच्या जीवशास्त्रावरून काढलेले अनुमान आहे, थेट चाचणीचा निष्कर्ष नव्हे.

हा वाद सुटायला मुख्य अडथळा मापनाचा आहे. कॅनडाच्या कॅथरिन बर्ग यांची १९८९ ची मापनपट्टी जगभर वापरली जाते : १४ कृती, ५६ गुण. पक्षाघातासाठी खास घडवलेली फ्रेंच 'पास' पट्टी ३६ गुणांची आहे आणि अंथरुणात कूस बदलण्यापासून सुरू होत असल्याने गंभीर रुग्णांना ती जास्त लागू पडते. बेल्जियममध्ये धडाच्या नियंत्रणासाठी वेगळी पट्टी तयार झाली. या सगळ्या पट्ट्या रुग्ण काय करू शकतो ते सांगतात. तो ते कसे करतो, हे त्यांत उमटत नाही.

कधी सुरू करावे, किती करावे

रुग्णाला लवकर उठवावे, हे तत्त्व सर्वमान्य होत चालले असतानाच ज्युली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखालील 'अव्हर्ट' चाचणीचे निकाल २०१५ मध्ये आले. पाच देशांतले २,१०४ रुग्ण. एका गटाला पहिल्या २४ तासांत, वारंवार आणि जास्त वेळ उठवले. दुसऱ्याला नेहमीची काळजी मिळाली. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४६ टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के होते. सघन उठवणे उलटले होते. या निकालाचा अर्थ 'रुग्णाला निजवून ठेवा' असा काही ठिकाणी घेतला गेला, तो चुकीचा आहे. नेहमीच्या काळजीच्या गटातले रुग्णही बहुतांशी पहिल्या दिवसातच उठले होते. पुढच्या विश्लेषणात थोड्या थोड्या वेळाने, पण कमी अवधीसाठी उठवणे लाभदायक दिसले. पहिल्या दिवशी बेताने, मग चढत्या क्रमाने, एवढा धडा आज बहुतेकांना मान्य आहे.

कोण चालणार याचा अंदाज मात्र आता बराच नेमका करता येतो. नेदरलँड्समधील 'इपॉस' अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत आधाराशिवाय बसता येणाऱ्या आणि पायात थोडीफार ताकद असणाऱ्या रुग्णांची सहा महिन्यांनी स्वतंत्र चालण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही नसलेल्यांची २७ टक्के, आणि नवव्या दिवशीही दोन्ही नसतील तर १० टक्के. बसण्याचा तोल तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही तो पाहता येतो. त्याची नोंद डिस्चार्जच्या कागदावर नियमाने व्हायला हवी.

सुधारणा किती काळ होत राहते, यावर जुना समज असा की तीन-सहा महिन्यांनंतर दार बंद होते. कोपनहेगनच्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांनी चालण्याची आपली सर्वोत्तम पातळी ११ आठवड्यांत गाठली होती. पण अमेरिकेतील २०११ च्या 'लीप्स' चाचणीत ४०८ रुग्ण तीन गटांत होते आणि त्यांतल्या एका गटाचे ट्रेडमिल प्रशिक्षण सहा महिन्यांनी सुरू झाले. तोही गट सुधारला. वर्षअखेरीस तिन्ही गटांत फरक उरला नाही, आणि एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पातळीवर गेली. या चाचणीचा दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. वजन पेलणाऱ्या महागड्या ट्रेडमिलपेक्षा थेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम कमी पडले नाहीत.

औषधांचा अध्याय लवकर आटोपता येतो. २०११ मध्ये फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या चाचणीने फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरील औषधाने हालचाल सुधारते अशी आशा निर्माण केली. पुढे ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर आणि अन्यत्र झालेल्या मोठ्या चाचण्यांत कार्यक्षमतेत फायदा दिसला नाही. उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. तोल आधीच ढासळलेल्या माणसाच्या बाबतीत ही किंमत लहान नाही.

पडणे

बसणे, उभे राहणे, चालणे सुधारले म्हणजे पडणे कमी होईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे सरळ घडत नाही. लीप्स चाचणीत वर्षभरात ५७ टक्क्यांहून अधिक रुग्ण किमान एकदा पडले. सुरुवातीला अगदीच कमी चालणाऱ्या आणि ज्यांचे ट्रेडमिल प्रशिक्षण लवकर सुरू झाले अशा रुग्णांत वारंवार पडण्याचे प्रमाण जास्त होते. चालू लागलेला माणूस पडण्याच्या प्रसंगांना सामोरा जाऊ लागतो, हे त्यामागचे एक कारण असावे. कॉक्रनच्या २०१९ च्या आढाव्यानुसार व्यायामाने पडण्याची संख्या कदाचित कमी होते, पण पडणाऱ्या माणसांची संख्या कमी होतेच असे नाही, आणि पुरावा कमी दर्जाचा आहे.

ताई चीच्या एका अमेरिकी चाचणीत १४५ रुग्णांत आशादायक फरक दिसला : ताई ची गटात ५ वेळा पडणे, इतर दोन गटांत १४ आणि १५ वेळा. योगाच्या २०१२ मधील ४७ जणांच्या छोट्या अभ्यासात योग करणाऱ्यांचा तोल आधीपेक्षा सुधारला, पण न करणाऱ्यांशी तुलना केली तर फरक ठाम नव्हता. योगाबद्दल आपल्याकडे जो उत्साह आहे त्याला शोभेल एवढी मोठी चाचणी आपणच करायला हवी.

आपल्या घरांतले प्रश्न

भारतातील सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे 'अटेंड' चाचणी. देशातील १४ रुग्णालये, १,२५० रुग्ण. घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण द्यायचे आणि पुढे घरी त्यानेच पुनर्वसन करून घ्यायचे, ही कल्पना. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. काही जाणकारांच्या मते याचा अर्थ स्पष्ट आहे : घरच्यांवर हे ओझे टाकू नये, प्रशिक्षित माणसेच वाढवावीत. इतरांचे म्हणणे असे की नेहमीच्या काळजीच्या गटातही आपली कुटुंबे आपणहून खूप काही करतात, त्यामुळे फरक दिसणे अवघड होते. शिवाय प्रशिक्षणाचा 'डोस' अपुरा असू शकतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण त्यावर धोरण उभारण्याइतका आधार त्याला नाही.

मोजपट्ट्यांचा प्रश्न इथे वेगळ्या रूपात येतो. बर्ग पट्टीत खुर्चीतून उठणे आहे, जमिनीवरची वस्तू उचलणे आहे. जमिनीवर बसणे आणि तिथून उठणे मात्र नाही. आपल्याकडे जेवण, पूजा, भाजी निवडणे जमिनीवर. अंघोळ मोरीत पाटावर. संडास अनेक घरांत अजून उकिडवे बसण्याचा. ५६ पैकी ५० गुण मिळवलेली आजी घरी गेल्यावर यातले काहीच करू शकत नाही, असे होऊ शकते. उकिडवे बसायला घोटा पूर्ण वाकावा लागतो, आणि पक्षाघातात ताठरतो तो नेमका घोटाच. कमोडची खुर्ची, मोरीत स्टूल, भिंतीला पकडायला दांडी हे उपाय स्वस्त आहेत आणि ते लगेच करावेत. पण ज्या स्त्रीचे सगळे दिवसभराचे जग जमिनीलगत होते, तिला खुर्चीत बसवून ठेवणे हे पुनर्वसन मानायचे का, हा प्रश्न थेरपिस्टने आणि घरच्यांनी तिलाच विचारायला हवा.

जमिनीवरून उठता येण्याला आणखी एक कारण आहे. पडलेल्या रुग्णाला मार लागला नाही तरी घरात कुणी नसेल तर तो तसाच पडून राहतो, आणि त्या एका अनुभवानंतर चालणेच सोडतो. चांगल्या बाजूवर वळणे, कोपरावर येणे, गुडघ्यावर येऊन पलंगाच्या कडेला धरणे, हा क्रम पडण्याच्या आधीच, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, सतरंजीवर शिकवता येतो. डिस्चार्जच्या आधीच्या आठवड्यात तो रुग्णाला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाला दोघांनाही करून दाखवावा, आणि दर फेरतपासणीला तो अजून जमतो का ते पाहावे.